प्लस-मायनस भोकरेकाका

भोकरेकाकांना जेवायला बोलवायचं असेल तर नुसतं "सातला या" म्हणून फोन ठेवू नका. पलीकडून लगेच प्रश्न येतो, "टॉलरन्स किती?"

मला पहिल्यांदा त्यांनी हे विचारलं तेव्हा माझ्या एका हातात लाटणं होतं आणि दुसऱ्या हातात फोन. मी म्हटलं, "काय किती?"

"सात म्हणजे प्लस-मायनस किती? सात पाच चालेल? की सहा पंचावन्नलाच पहिली पोळी तव्यावर पडणार?"

"अहो काका, या ना कधीही!"

"कधीही असं माप नसतं, रेवती," ते म्हणाले. संध्याकाळी सातला बेल वाजली. सात म्हणजे सात. सुनंदाकाकूंना त्यासाठी जिन्यात चार मिनिटं उभं करून ठेवलं होतं, हे काकूंनीच आत आल्या आल्या सांगितलं. "अहो, कुणी घड्याळ लावून बसलंय का, असं विचारलं मी. तर म्हणे, मी बसलोय ना!"

दत्तात्रय भोकरे मूळचे चिंचवडचे. पंचवीस वर्षांपूर्वी जर्मनीत आले आणि आयुष्यभर गिअरबॉक्स केले. एका चाकाचा दात दुसऱ्या चाकाच्या खाचेत नीट बसतोय की नाही, हे बघण्यात माणसाची उमेदीची वर्षं गेली. आता त्यांचं आल्टर्सटाइलत्साइट चालू आहे. म्हणजे निवृत्तीच्या आधीची अर्धी नोकरी. तीन दिवस ऑफिस आणि उरलेले चार दिवस आम्ही. एश्बॉर्नला एकाच इमारतीत राहतो आम्ही, ते तळमजल्यावर, आम्ही दुसऱ्यावर, त्यामुळे सुटका नाही.

इतर माणसं शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, काका जाडी मोजायचा व्हर्नियर ठेवतात. त्या पहिल्या जेवणाला त्यांनी माझ्या पोळीची जाडी मोजली. खोटं सांगत नाही. "मधे दोन पूर्णांक एक, काठाला दोन पूर्णांक सहा. आल्झो, म्हणजे मधे दाब जास्त पडतोय तुझा." तेव्हा माझ्या सासूबाई पुण्याहून आलेल्या होत्या. चाळीस वर्षं पोळ्या लाटलेली बाई. त्या अजून फोनवर विचारतात, "तो मोजणारा माणूस आहे का गं अजून?"

मला राग पटकन येतो. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधते, त्यामुळे संध्याकाळपर्यंत जिभेला चांगली धार आलेली असते. पण भोकरेकाकांवर रागवायचं तर कुठून सुरुवात करावी तेच कळत नाही. तुम्ही तोंड उघडायच्या आत त्यांनी तुमच्या करकरणाऱ्या दाराच्या बिजागरीत तेल घातलेलं असतं.

तर मुद्दा शाळेचा आहे.

आमच्या ईराची शाळा शेतापलीकडे आहे. शाळा जर्मनीत, अभ्यासक्रम कॅनडाचा, मुलं सगळ्या जगाची आणि गृहपाठ आईबापांचा. आम्ही आलो तेव्हा ईरा नऊ वर्षांची होती, जर्मनचा गंध नव्हता, म्हणून या खासगी शाळेत घातली. आता बारा वर्षांची आहे. मराठी सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्ये देते आणि भांडते इंग्रजीत. या शाळेत पाठांतर नाही, परीक्षा नावापुरत्या, पण प्रोजेक्ट! एक संपलं की दुसरं. शिवाय दुपारी तीननंतर आर्बाइट्सगेमाइनशाफ्ट. एवढं नाव कोणी घेत नाही, सगळे 'आ-गे' म्हणतात. शाळा सुटल्यावरची मंडळंच ती. नाटकाची आ-गे, बुद्धिबळाची आ-गे, मधमाश्यांचीसुद्धा आ-गे. माझ्या शाळेत तीननंतर फक्त घरी जाणं असायचं.

पहिलं प्रोजेक्ट आलं ते आइस्क्रीमच्या काड्यांच्या पुलाचं. आम्ही दोघंही कॉम्प्युटरवाले. माझ्या नवऱ्याने, अमेयने, आयुष्यात हातोडी चालवली ती फक्त स्वतःच्या अंगठ्यावर. मग मी ईराला घेऊन खाली केलरमध्ये गेले. केलर म्हणजे तळघर. प्रत्येक फ्लॅटला तिथे एक खोली मिळते. आमच्या खोलीत सुटकेसा आहेत, भोकरेकाकांच्या खोलीत कारखाना आहे. भिंतीवर छत्तीस कानशी उंचीप्रमाणे टांगलेल्या.

"हे बघ, मी काही करणार नाही हां," काका म्हणाले. "पोरीचं काम पोरीने करायचं. मी जरा बघतो फक्त."

दोन तासांनी मी खाली डोकावले तर ईरा खुर्चीवर बसून चिवडा खात होती आणि काका पुलाला पाया घालत होते. ईराने काय केलं म्हणाल, तर काड्या मोजून दिल्या. शाळेत त्या पुलावर मिस टॅलबटने आधी एक पुस्तक ठेवलं, मग दहा ठेवली, मग वर्गातला पृथ्वीचा गोल ठेवला. शेवटी तिने स्वतः एक पाय टेकवून बघितला. पूल हलला नाही.

ही मिस टॅलबट कॅनडाची. शाळेतली सगळी प्रोजेक्ट आणि आ-गे तिच्या ताब्यात. बोलायला सुरुवात करते ती "सॉरी" म्हणून, आणि तिचं बोलणं संपेपर्यंत माफी आपण मागत असतो. तेव्हा मात्र ती नुसतं म्हणाली, "वाव, ईरा."

पुलाची बातमी पसरायला वेळ लागला नाही. ईराच्या वर्गात मराठी घरं चार, आणि चारही घरांतल्या आया एकदम हुश्श झाल्या. एकाचा ज्वालामुखी आला, त्याला काकांनी प्रेशर सोडायची झडप बसवली. एकीची सूर्यमाला आली, तिच्यातली शनीची कडी बेअरिंगवर फिरायची. उंचावरून टाकलेलं अंडं फुटू नये म्हणून वेष्टन करा, असंही एक प्रोजेक्ट आलं. काकांचं वेष्टन तिसऱ्या मजल्यावरून पडलं. अंडं शाबूत राहिलं, खालची फरशी फुटली.

"गेनाऊ! अगदी बरोबर!" काका खुशीत म्हणाले. "प्रश्न अंड्याचा होता. फरशीचं कुणी विचारलंच नव्हतं."

सुनंदाकाकू एकदा मला म्हणाल्या होत्या, "इतकं वेड लागल्यासारखं करतात गं. आमच्या मुक्ताच्या वेळी पण असंच." मुक्ता म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. सत्तावीस वर्षांची, बॉनला नोकरी करते. दिवाळीला येते, छान बोलते, फराळाचा डबा घेते आणि जाते. काकूंचा फोन रोज असतो तिला. काकांचा नसतो. मी तेव्हा त्यावर फारसा विचार केला नाही.

या वर्षी शाळेतून पत्र आलं. वर्षअखेरीच्या प्रदर्शनासाठी सातवीच्या प्रत्येक मुलाने घरातल्या कुणाच्या तरी उपयोगाची लाकडी वस्तू करायची. इथवर ठीक होतं. पुढे लिहिलं होतं, की सोबत वही जोडायची आणि त्यात आपल्या हातून झालेल्या तीन चुका लिहायच्या. गुण वस्तूला नाहीत, चुकांना आहेत.

आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हाहाकार माजला. चुकांना गुण? आमच्या पिढीला चुकांना छड्या मिळाल्या होत्या. चौघींपैकी एकीने लिहिलं, "माझा आर्यन चुकतच नाही, आता काय करू?" मी पत्र घेऊन तळमजल्यावर गेले. काकांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला, पुसला आणि तिसऱ्यांदा वाचलं.

"चुकांना मार्क देणार?" ते म्हणाले. "मग लोक क्वालिटी डिपार्टमेंट कशाला ठेवतात? बंद करा म्हणावं!"

पण मोठ्या कंपनीत पंचवीस वर्षं काढलेला माणूस. गिऱ्हाइकाने मागितलं तर द्यायचं, हे अंगात भिनलेलं. ईराने ठरवलं होतं आईसाठी स्टूल करायचं, कारण मी रोज सकाळी दारात एका पायावर नाचत बूट घालते. काकांनी रविवारी स्टूल 'जरा बघितलं'. मंगळवारपर्यंत ते इतकं सुबक झालं, की त्यावर बसायची मलाच भीती वाटायला लागली. मग त्यांनी चुका बनवायला घेतल्या. खरंच, रीतसर बनवल्या. एक्सेलची शीट केली. चूक क्रमांक एक, कारण, परिणाम, उपाय, काय शिकलो. तीन चुका, ठळक अक्षरात, आणि ती शीट चारही घरांना पाठवली.

आता सांगा, मी टेस्टर. माझा धंदाच हा. चार मुलं एकच शीट उतरवून काढणार हे माझ्या डोक्यात यायला नको? नाही आलं. मी ईराला म्हटलं, "अक्षर नीट काढ."

पुढच्या आठवड्यात चारही घरच्यांना शाळेत बोलावणं आलं. मिस टॅलबटच्या खोलीत टेबलावर चार वह्या उघडून ठेवलेल्या. "सॉरी," ती म्हणाली, आणि तिने पहिली वही वाचली. "हवेतील आर्द्रतेचा अंदाज न घेतल्याने फळीला शून्य पूर्णांक चार मिलिमीटर फुगवटा आला." दुसरी उचलली. तीच आर्द्रता, तोच फुगवटा. तिसरीतही तेच. चौथी वही आर्यनची. त्यात आर्द्रता होती, फुगवटा होता, आणि खाली पोराने इमानदारीत तेही उतरवलं होतं: तयार करणारा, डी. भोकरे.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. अमेय छताकडे बघत होता.

तेवढ्यात दारावर टकटक झाली आणि भोकरेकाका आत आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल. "चुका माझ्या आहेत," ते आपल्या कारखान्यातल्या इंग्रजीत म्हणाले. "मुलांना शिक्षा नको. ड्रॉइंग माझं, काम माझं, चुकासुद्धा माझ्याच."

मिस टॅलबट गोड हसली. तुमच्या उत्साहाचं आम्हाला खूप कौतुक आहे, असं म्हणाली. इतक्या गोडपणे तिने आम्हाला सोलून काढलं, की पंधरा मिनिटं कुणाला कळलंच नाही. चारही वस्तू बाद. मुलांनी शाळेच्या सुतारखोलीत पुन्हा करायच्या, मोठ्यांचा हात न लागता. मग तिने काकांना विचारलं, अगदी सरळ, "मिस्टर भोकरे, तुम्ही हे का करता?"

आम्हाला वाटलं, काका आता टॉलरन्सवर व्याख्यान देणार. पण ते फाइलच्या दोरीशी चाळा करत बसले. मग म्हणाले, "मला कळत नाही. दिसलं की राहवत नाही. माझ्या मुलीचंही केलं होतं मी. चौथीत होती. पक्ष्यांसाठी घर केलं होतं तिने, एकटीने, आठ दिवस खपून. वाकडं झालं होतं. शनिवारी ती पोहायला गेली, तेवढ्यात मी ते सोडवलं, त्याच फळ्यांना रंधा मारला आणि परत जोडलं. मला वाटलं, खूश होईल. वर्गात पहिली आली." त्यांनी दोरीची गाठ सोडली. "पोहून आल्यावर तिने बघितलं होतं आणि म्हणाली, छान झालंय बाबा. आणि खोलीत गेली. त्यानंतर तिने मला कधीच काही दाखवलं नाही. काही मागितलंसुद्धा नाही. ना सायकल दुरुस्त करायला, ना घर बदलताना सामान उचलायला. एकदाही नाही."

मला इतकं वाईट वाटलं, की आर्यनच्या आईचा हात धरला मी, आणि आमचं दोघींचं एरवी पटत नाही.

मिस टॅलबट म्हणाली, "सुतारकामाच्या आ-गेला शिक्षक नाहीये. गुरुवारी तीन ते साडेचार. तुम्ही घ्याल? नियम एकच. मोठ्या माणसाचे हात खिशात. मुलाच्या कामाला एकदा जरी हात लागला तरी त्या दिवसापासून आ-गे तुमच्याकडे नाही."

"मला जमणार नाही," काका म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन नाव देऊन आले. काकूंनी त्यांच्या दोन पँटींचे खिसे उसवून चार बोटं जास्त खोल शिवून दिले. मी विचारलं, "काकू, जमेल का हो त्यांना?" तर म्हणाल्या, "नाही जमलं तर हा माणूस कोमेजून जाईल गं. घरात मूल नाही, कामाला अर्धी सुट्टी. गुरुवार सोडला तर आहे काय त्यांच्याकडे?"

गुरुवारी मी घरून काम करते, त्यामुळे ईराला आणायला थोडी लवकर जायला लागले. खरं सांगायचं तर तमाशा बघायला जायचे. सात मुलं लाकूड कापायची आणि मधोमध काका उभे, हात खिशात, कोपरापासून बोटांपर्यंत थरथरतायत. हात शिवशिवणे म्हणजे काय, ते मी तेव्हा पाहिलं. कुणी खिळा तिरका ठोकला की हे इकडून वाकायचे. कुणी करवत उलटी धरली की तोंडातून आवाज काढायचे. तोंड बंद ठेवायचा नियम नव्हता, पण ओरडायचं नाही असं त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. फक्त प्रश्न विचारायचे. "हे असं का बरं केलंस?" मूल कारण सांगायचं. काका म्हणायचे, "अच्छा," आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन चार फेऱ्या मारून यायचे.

एकदा एका मुलीने पेन्सिलीची रेघ सोडून भलतीकडेच करवत घातली. काकांनी डोळे मिटले आणि अथर्वशीर्ष सुरू केलं. एका कॅनडियन पोराला वाटलं, ही आ-गेची प्रार्थना आहे. तेही हातातली पट्टी ठेवून हात जोडून उभं राहिलं. पुढच्या गुरुवारी सातही जण उभे होते. मिस टॅलबट दारातून बघून गेली. तिनेही डोकं जरा झुकवलं होतं.

आठवड्यामागून आठवडे गेले. काकांनी हात लावला नाही. मी अमेयशी पैज लावली होती की तिसऱ्या गुरुवारी गाशा गुंडाळतील. मी हरले आणि आठवडाभर भांडी घासली.

प्रदर्शनाच्या आधीचा शेवटचा गुरुवार आला. मी पोहोचले तेव्हा बाकीची मुलं गेली होती आणि ईरा जमिनीवर बसून हुंदके देत होती. समोर तिचं स्टूल. तीन पाय जमिनीवर, चौथा अधांतरी. हात ठेवला की टक, काढला की टक. तिने एक पाय कापला, मग दुसरा जास्त कापला गेला, मग तिसरा. एव्हाना स्टूल चांगलं वीतभर खुजं झालं होतं.

"काका, तुम्ही करा," ती म्हणाली. चक्क मराठीत म्हणाली. "प्लीज. कुणी नाहीये इथे."

काकांच्या कपाळावर घाम होता. खिशाच्या आत मुठी वळलेल्या दिसत होत्या. ते खाली बसले, स्टुलाच्या अगदी जवळ नाक नेऊन बघितलं. "कुठला पाय लांब वाटतो तुला?" त्यांनी विचारलं.

"मला नाही कळत! मला नाही जमत! तुम्ही करा!"

आणि मग मी, हो मीच, जिने त्या बैठकीनंतर घरी येताना त्यांना 'आता तरी हात आवरा' म्हणून रस्ताभर ऐकवलं होतं, मी फणकारले. "अहो काका, चार मिलिमीटर घासायचेत! कानस समोर पडलीये. पोरगी रडतेय, परवा प्रदर्शन आहे. कोण बघायला येतंय? मी सांगणार आहे का कुणाला?"

काका उठले. त्यांना उठायला वेळ लागला, हात खिशात ठेवून उठायचं म्हणजे अवघडच. माझ्याकडे बघितलं त्यांनी.

"रेवती, मी घासला तर दोन मिनिटांत स्टूल बसेल," ते म्हणाले. "अगदी बसेल. पण मग ही पोरगी माझ्याकडे परत येणार नाही गं. एकदा झालंय माझं."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी तशीच दाराशी जाऊन उभी राहिले. ईरा बराच वेळ रडली. काका तिच्याशेजारी फरशीवर बसून राहिले. मग तिने नाक पुसलं आणि कानस उचलली. साडेपाचला रखवालदार किल्ल्या वाजवत आला तेव्हा स्टूल अजून डुलत होतं, पण आधीपेक्षा कमी.

प्रदर्शनाच्या दिवशी मुक्ता आली. कारण असं, की काकूंनी तिला फोनवर सांगितलं होतं, तुझे बाबा आठ आठवडे मुलांच्या कामाला हात न लावता बसलेत. मुक्ता म्हणाली, शक्यच नाही. काकू म्हणाल्या, बघ येऊन. म्हणून बाई बॉनहून गाडी पकडून तपासणीला आल्या.

शाळेच्या सभागृहात टेबलांची रांग होती. ईरा आपल्या डुलणाऱ्या स्टुलापाशी ताठ उभी. वहीत स्वतःच्या अकरा चुका लिहिल्या होत्या, तीन पुरत होत्या तरी. मुक्ताने वही पूर्ण वाचली. मग जर्मनमध्ये विचारलं, "भोकरेकाकांनी मदत केली?"

"नाही," ईरा जर्मनमध्ये म्हणाली. "मी रडले तरी नाही. खूप राग आला मला त्यांचा."

"मग?"

"मग ते माझ्याजवळ बसले."

मुक्ता स्टुलावर बसली. टक झालं. ती जरा पुढे झाली, टक. जरा मागे, टक. तशीच बसून राहिली, ओठ दाबून. तिकडे भिंतीशी काका उभे होते, भलतीकडेच बघत. आपल्याला कुणी ओळखू नये असा चेहरा करून.

मुक्ता उठून त्यांच्यापाशी गेली. मी जवळच होते, कान टवकारून. उगाच खोटं कशाला बोलू. एरवी बापाशी जर्मनमध्ये बोलणारी मुलगी शब्द शोधत शोधत मराठीत म्हणाली, "बाबा, नव्या घरात मला भिंतीला शेल्फ लावायचंय. पुढच्या शनिवारी. मी लावणार आहे. तुम्ही याल? नुसते?"

काकांनी मान हलवली. पुन्हा हलवली. शेवटी काकूच म्हणाल्या, "अहो, येतो म्हणा की!"

तो शनिवार गेला. सोमवारी सकाळी मी ऑफिसला निघाले तर काका कचऱ्याच्या पेट्यांपाशी कागदाचे खोके सपाट करत होते. मला एस-बान, म्हणजे इथली लोकल, पकडायची होती, पण राहवलं नाही. "लागलं का हो शेल्फ?"

"लागलं," ते म्हणाले. "साडेतीन तास. भिंतीला चार भोकं जास्तीची. डावीकडे उतार आहे चांगला."

"आणि तुम्ही?"

"मी बसलो होतो. ती विचारायची, हे बरोबर का? मी विचारायचो, तुला काय वाटतं? मग तिने पुस्तकं ठेवली, तर सगळी हळूहळू डावीकडे सरकली आणि एक धपकन पडलं. इतकी हसली गं! मी तिला असं हसताना..." त्यांनी हातातलं खोकं उगाच पुन्हा दुमडलं. साठीचा माणूस, डोळे भरून आले होते आणि ते लपवायचं त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

"निघताना म्हणाली, पुढच्या महिन्यात पडद्याची दांडी लावायची आहे. म्हणाली, बाबा, तुम्ही याल ना? सतरा वर्षं झाली, रेवती. सतरा वर्षांनी पोरीने मला या म्हटलं."